बाबांचं एक लिटर पाणी

डॉक्टरांनी बाबांना दिवसाला एक लिटर पाणी लिहून दिलं होतं. औषध लिहून द्यावं तसं, त्याच कागदावर, गोळ्यांच्या खाली. त्या एका लिटरात सकाळचा चहा आला, दुपारचं वरण आलं, गोळ्या गिळायला लागणारं पाणी आलं, आणि मग जे उरेल ते प्यायचं. मायनं एक बाटली घेतली आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नेलपॉलिशनं तिच्यावर चार रेघा ओढल्या. सकाळ, दुपार, सांज, रात्र. बाबांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "मोठा माल आला बाप्पा घरात."

मी पाण्यावरची पत्रकं लिहिते. छापते, वाटते, तहसीलसमोर बसते, दोनदा पोलीस गाडीतही बसले. आमचं गाव भातकुलीच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्या जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारं. विहीर खणा, खारं. बोअर मारा, जास्त खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि माणसं मात्र पिढ्यान् पिढ्या तेच पीत आली. गावात किती घरांत किडनीचे पेशंट आहेत ते इथं मांडत नाही. मांडून मांडून माझी बोटं झिजली. साहेब लोक म्हणतात, थेट संबंध सिद्ध झालेला नाही. मग करा की सिद्ध! कोणी अडवलंय? असं मी एका पत्रकात लिहिलंही होतं. उत्तर नाही.

पत्रकाचा नियम असा की पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची गचांडी धरायची आणि शेवटच्या ओळीत मागणी करायची. या लिहिण्याला शेवटची मागणी नाही. ज्याच्याकडे मागावं असं कोणी दिसत नाही आता.

बाबा ग्रामपंचायतीचे पाणीवाले. दुरून पाइपानं गोडं पाणी येतं, आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी. ते गल्लीगल्लीत सोडायचं काम बाबांचं. हातभर लांब लोखंडी चावी, चेंबरचं झाकण उघडायचं, वाकून व्हॉल्व्ह फिरवायचा, घड्याळ पाहायचं. प्रत्येक गल्लीला वीस मिनिटं. विसावं मिनिट झालं की बंद. बाया हंडे घेऊन मागं लागायच्या, "भाऊ, एकच गुंड राह्यला, भरू द्या ना!" बाबा मान वर करायचे नाहीत. "तुह्या गुंडापायी शेवटची गल्ली तहानेनं मरन." सरपंचाच्या गल्लीलाही वीसच मिनिटं. त्यापायी शिव्या खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला. आणि आमचं घर शेवटच्या गल्लीत. पाइपातला जोर संपायचा तिथं पोचेपर्यंत. गावाला गोडं पाणी वाटणाऱ्या माणसाच्या घरात निम्मा महिना बोअरचं खारं पाणी. बाबांनी ते पन्नाशीपर्यंत प्यायलं. मग पाय सुजायला लागले, मग तोंड, मग अमरावतीच्या दवाखान्यात सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत, मशीनवर यावं लागेल, आठवड्यातून दोनदा. सोमवारची तारीख दिली.

त्या वर्षी धाकटी आठवीत होती, मी बावीसची. तिच्या शाळेचं गाइडचं पथक चिखलदऱ्याला कॅम्पला गेलं तेव्हा बाबा दवाखान्यात होते, म्हणून मायनं तिला पाठवलं नाही. ती रडली नाही. फक्त गणवेशाचा स्कार्फ आठ दिवस घरात घालून फिरत राहिली. ते बाबांना सहन होईना. तारीख मिळाली त्या संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं, "तुह्या बाई तंबू देते का एका रातीसाठी?"

"काहून?"

"आपुन जाऊ ना मंग. तू, मी, आन् हे आपली पुढारीन." म्हणजे मी.

माय चुलीपाशी होती, ती तिथूनच ओरडली. "डोकं फिरलं काय तुमचं? सोमवारी मानेत नळी टाकणार हायेत, आन् तुमी शनिवारी जंगलात झोपता?"

"सोमवारपासून कोठी झोपता येईन का मले? दोन दिवस मशीन, दोन दिवस मशीनचा थकवा. सांग तूच."

मायनं चुलीत जोरानं दोन फुंकरा मारल्या. मग माझ्याकडे वळली, बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "याच्या वर एक घोट नाई. तुह्यावर हाय."

कुठं जायचं ते बाबांनी आधीच ठरवलं होतं. लग्नाआधी एक हंगाम ते मोर्शीकडे संत्रातोडाईला गेले होते. बागेच्या कडेनं सातपुड्यातून उतरणारा एक नाला. तोडाईवाले दिवसभर त्याचंच पाणी प्यायचे, ओंजळीनं, पोटाला तड लागेपर्यंत. हा नाला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इतर पोरींना राजा-राणीच्या गोष्टी, आम्हाला नाल्याच्या. घरात पाणी खारं निघालं की बाबा हटकून म्हणायचे, "थे पानी पेलो होतो ना मी, तसं आता नाई." जणू लग्न ठरलं होतं आणि मोडलं.

शनिवारी पहाटे सामान बांधलं. आणि इथं आम्ही जी चूक केली ती आमच्याच पट्ट्यातली माणसं करू शकतात. आमच्याकडे लग्नाला जा, मयतीला जा, पाण्याची कॅन सोबत. परक्याच्या घरी चहा मागावा, जेवण मागावं, पाणी मागू नये. त्याच्याकडे गोडं असेल तर ते त्यानं जपून ठेवलेलं असतं, आणि खारं असेल तर तो शरमतो. हे आमच्या हाडात आहे. तर बाबांनी चार दिवस आधीपासून साठवलेलं दहा लिटर गोडं पाणी कॅनमध्ये भरलं, तोंडाला प्लास्टिक लावून झाकण पिळलं आणि कॅन दारात ठेवली. मी तंबू घेतला. धाकटीनं पिठाची, वांग्यांची पिशवी घेतली. गोधड्यांचं गाठोडं उचलायला हात उरला नाही. "दोन घ्या फक्त," बाबा म्हणाले, "पानी महत्त्वाचं." माय हो म्हणाली. मी हो म्हणाले. नाल्याकाठी राहायला जाणाऱ्या घरातल्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पाणी कशाला न्यायचं.

अमरावतीला एसटी बदलली. मोर्शीच्या गाडीत कंडक्टरनं कॅनला पाय लावून पाहिला. "काका, डिझेल नाई ना यात?"

"घरचं पानी हाय."

"मंग दुधापेक्षा जड तिकीट लागते याले," तो म्हणाला आणि हसत पुढं गेला. बाबांनी कॅन दोन पायांमध्ये दाबून धरली. त्यांचे पाय सुजलेले, चपलेचे पट्टे कातडीत रुतलेले.

फाट्यावर उतरून बागेपर्यंत चालायचं होतं. मी कॅन मागितली, दिली नाही. धाकटीनं मागितली, तिलाही नाही. पन्नास पावलं चालायचे, कॅन खाली ठेवायचे, कमरेवर हात देऊन उभे राहायचे, छाती भात्यासारखी. विचारलं तर म्हणायचे, "थंडी हाय ना, म्हनून दम लागते." दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, झाडं फळांनी वाकलेली, फांद्यांना बांबूचे टेकू. धाकटी तोंड उघडं टाकून चालत होती. आमच्याकडे मातीत एवढा हिरवा रंगच नाही.

बागेत बाबांचा जुना सोबती होता. त्या हंगामात दोघांनी एकाच शिडीवर काम केलं होतं. आता तो चांदूर बाजारचा फळांचा ठेकेदार, हंगामभर बागेत ताडपत्री टाकून राहणारा. पांढरी दाढी, लोकरीची टोपी. आम्ही त्याला चाचा म्हणावं असं बाबांनी वाटेतच सांगून ठेवलं होतं. चाचानं बाबांना मिठी मारली, मग मागं सरकून तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला तो लगेच कॅनकडे वळला.

"ये क्या है?"

"पानी."

"क्या?"

"पानी हाय बे. प्यायचं."

चाचानं कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा लावलं. मग तो हसायला लागला आणि थांबेना. "अरे लोगो, सुनो! नाले के किनारे ये आदमी घर से पानी उठा के लाया! आमच्या नाल्याले काय रोग झाला बे? अबे, ससुराल में रोटी बांध के जाता क्या कोई?"

तोडाईवाले हसले. धाकटी हसली. मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका राग आला की कान तापले. कोणावर ते नीट सांगता येणार नाही. हसणाऱ्यांवर नक्कीच नाही. आम्ही ज्या गावात जन्मलो, तिथल्या पाण्यानं आमची अक्कलसुद्धा अशी वाकवून ठेवली की वाहत्या नाल्याकडे जातानाही आम्ही कॅन भरतो आणि पांघरूण घरी ठेवतो. बाबाही हसले. "सवय हाय बाप्पा," म्हणाले, आणि कॅनवर बसले.

चाचानं टोपलंभर संत्री समोर ओतली. सोलून, फोडी करून बाबांपुढं धरली. "ले. तेरे हाथ की तोडी हुई याद कर."

"नाई चाचा," मी म्हणाले. "बाबांना चालत नाही."

"संत्रा नहीं चलता? ये कौनसी बीमारी है बेटा, जिसमें संत्रा नहीं चलता?"

मी सांगितलं. किडनी, पोटॅशियम, मशीन, सोमवार. दवाखान्यातल्या भिंतीवरचा तक्ता पाठ होता मला. बोलत असताना बाबा दुसरीकडे पाहत होते, जणू भलत्याच माणसाविषयी चाललंय. चाचाच्या हातातली फोड तशीच राहिली. शेवटी त्यानं ती धाकटीच्या हातावर ठेवली. बाबा म्हणाले, "खा वं. कशी हाय सांग मले." ती खात गेली आणि सांगत गेली. ही आंबट. ही नाही. ही लई गोड, बाबा, हिच्यात बी नाही.

तंबू धाकटीनं उभा केला. खुंट्या कशा ठोकायच्या, दोर कुठं ताणायचा, सगळं तिला पुस्तकातून येत होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच. दोनदा कोसळला. तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा तिनं सलाम ठोकला आणि बाबांनी बसल्या जागेवरून तो घेतला. संध्याकाळी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे लावले, वांग्याची भाजी केली. बाबांची भाजी मी आधी वेगळी काढली, मीठ न घालता. एक घास खाऊन त्यांनी चाचाला म्हटलं, "खाऊन पाय. जिंदगीभर खारं पेलं, आता सरकार मीठ बंद करते."

"सरकार कोण?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

मी बाटली काढली. सांजेची रेघ. एका वाटीत ओतून दिली. त्यांनी ती चार घोटांत पुरवली, प्रत्येक घोट तोंडात धरून. चाचा बघत होता. उठून गेला आणि दोन घोंगड्या आणून आमच्या तंबूत टाकल्या.

रात्री थंडीनं झोप आली नाही एवढंच सांगण्यासारखं. घोंगड्या पोरींवर, गोधड्या पोरींवर, बाबा कॅनला टेकून बसलेले. आडवं झालं की त्यांना दम लागायचा. तंबूच्या कापडापलीकडून नाल्याचा आवाज येत होता, थांबत नव्हता. आमच्याकडे पाण्याला आवाज असतो तो वीस मिनिटांचा. इथं ते रात्रभर वाहत होतं, कोणी भरत नव्हतं, कोणी बंद करत नव्हतं. धाकटीनं अर्धवट झोपेत विचारलं, "बाबा, हे कोन सोडते?" आणि बाबा म्हणाले, "कोनीच नाई. झोप."

सकाळी उठले तर दोघं नाल्यावर.

पाणी फार नव्हतं. घोट्यापर्यंत, गोट्यांवरून पसरून चाललेलं, इतकं नितळ की तळाची वाळू मोजावी. बाबा एका दगडावर बसले होते, सुजलेले पाय पाण्यात. धाकटी गुडघ्यावर बसून ओंजळीनं पीत होती, गुरासारखी, फ्रॉकचा पुढा भिजवून. मग ती थांबली, तोंड पुसलं, आणि विचारात पडल्यासारखी म्हणाली, "बाबा, तुमी तं म्हनत होते गोड हाय. साखरेसारखं नाई लागत. काहीच नाई लागत."

"काहीच नाई लागत," बाबा म्हणाले. "थेच तं."

मग ते माझ्याकडे वळले. आधी ठरवून ठेवलेलं असावं, कारण ते एका दमात बोलले. "पुढारीनबाई, एक डाव. पोटभर. उद्यापासून मशीन हायच, मंग तुमी मापा, डॉक्टरनं मापा, तुमच्या मायनं मापा. आज नोका मापू."

"नाई, बाबा."

"एक तांब्या."

"रात्रभर तुम्ही बसून होता. आडवं होता येत नाही तुम्हाला. इथं काही झालं तर मी काय करू? फाट्यापर्यंत उचलून नेऊ? उद्या सकाळपर्यंत धीर धरा, बाबा, एकच दिवस."

"आर्धा तांब्या, बरं."

मी पत्रकात काय लिहिते? पाणी हा माणसाचा हक्क आहे. मोठ्या टाइपात. भिंतीवर गेरूनं रंगवलंय मी ते, स्वतःच्या हातानं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. आणि नाल्यात उभी राहून मी माझ्या बापाला अर्धा तांब्या नाकारत होते, कारण मला त्याला सोमवारपर्यंत पोचवायचं होतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं. सोमवार. सोमवारी मशीन लागेल, अंगातलं पाणी निघेल, दम थांबेल, मग पुढचं पुढं. माय म्हणाली होती, तुह्यावर हाय.

बाबा वाकले. ओंजळ भरून वर आणली. धाकटी माझ्याकडे बघत होती. मी हलले नाही, नुसतं "बाबा" म्हणाले. त्यांनी ओंजळीकडे पाहिलं. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं, तसं ते गळू दिलं, सगळं.

"बरोबर हाय तुह्यं," ते म्हणाले. "मी बी कोनाले सोडलं नाई."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी भांडले असते, आणि भांडणात कदाचित हरले असते. ते खरंच मान्य करत होते. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या माणसानं व्हॉल्व्ह बंद करणाऱ्याला मान्य करावं तसं.

"चूळ तं भरू दे," ते म्हणाले.

"भरा."

त्यांनी पाणी तोंडात घेतलं. गालात फिरवलं, डोळे मिटून, बराच वेळ. आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. कंठाचा गोळा वर जातो का, खाली येतो का. पोलिसासारखी. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी मान वळवली आणि चूळ थुंकली. पूर्ण थुंकली. एक थेंब आत जाऊ दिला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

निघताना धाकटीनं कॅन नाल्याकाठी उलटी केली, घरचं पाणी संत्र्याच्या आळ्यात ओतलं आणि नाल्याचं भरून घेतलं. मायसाठी, म्हणाली. ती कॅन बाबांनीच उचलली. चाचानं फाट्यापर्यंत मोटारसायकल दिली, नाहीतर ते चालले असते. ते पाणी मायनं आठ दिवस पुरवलं. बाबांची रोजची बाटलीही त्यातूनच भरायची. म्हणजे ते पाणी त्यांना मिळालं असं कोणी म्हणेल. रेघेरेघेनं मिळालं. धाकटीनं विचारलं, नाल्यावरच्यासारखं लागते का, तर ते म्हणाले, "तसंच हाय," आणि उरलेलं मांजरीच्या वाटीत ओतलं. यापूर्वी त्यांनी बाटलीतला थेंब कधी सोडला नव्हता.

सोमवारी मशीन लागली. सूज उतरली, तोंड ओळखीचं झालं, आम्हाला वाटलं जिंकलो. मग आठवड्यातून दोन दिवस अमरावती, पहाटेची गाडी, रांग, मशीन बंद असली की परत रांग. बाबांची पाणी सोडायची चावी पंचायतीनं दुसऱ्याकडे दिली. नवा माणूस सरपंचाच्या गल्लीला चाळीस मिनिटं सोडतो. मी निवेदन दिलं. पोच मिळाली. पाइपलाइनचं पाणी आता पंधरा दिवसांवर गेलंय. पत्रकं मी अजून काढते, पण सवयीनं. लोक ती घेतात आणि त्यात भजी बांधतात. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. माय, धाकटी आणि मी, तिघींनी त्यांच्या तोंडात पाणी घातलं, रिवाजाप्रमाणे, आणि ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, उन्हाळ्यातलं.

त्या दिवशी त्यांना मशीनवर सोडून मी बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. डॉक्टर बाहेर आले. तरुण माणूस, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, डोळ्यांखाली काळं. वाईट माणूस नव्हता. कोणी तक्रार करत असेल तर मी डॉक्टरचीच बाजू घेईन. ते चहाची वाट बघत उभे होते म्हणून मी विचारलं. नाल्याचं सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की मशीन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सकाळी, त्यांनी जर अर्धा तांब्या पाणी जास्त प्यायलं असतं तर काय झालं असतं?

"आदल्या दिवशी? अर्धा तांब्या?" प्रश्न आपण नीट ऐकलाय ना, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काही नाही. काय होणार? दुसऱ्या दिवशी मशीननं काढून टाकलं असतं."

"पोटभर प्यायले असते तर?"

"थोडा जास्त दम लागला असता कदाचित. पण एक दिवस... तेवढं सांभाळता आलं असतं हो. काढलंच असतं ना आम्ही." मग त्यांचा चहा आला. "का? काही झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "सहज."

हे मी आधी विचारू शकले असते. शनिवारच्या आधी. मी, जी कलेक्टरला उभ्या उभ्या प्रश्न विचारते, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकते, तिनं एका फोनवर विचारायचं होतं की साहेब, एक दिवस चालेल का? विचारलं नाही. कागदावर लिहिलं होतं ते प्रमाण मानलं. आमच्या गावाला तसंच शिकवलंय: जेवढं मिळालं तेवढंच खरं, जास्त मागायचं नाही. मी इतकी वर्षं त्याच्याविरुद्ध बोंबलतेय असं मला वाटत होतं.

चार तासांनी बाबा बाहेर आले. हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा, पावलं जपून. मी सांगू शकले असते. तेव्हा ते होते. म्हणू शकले असते की बाबा, चुकलं माझं, पिता आलं असतं. पण मग त्या माहितीचं त्यांनी काय करायचं? नाला शंभर कोसांवर असल्यासारखा. त्यांना गेटपर्यंत चालवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडाकडे बघत ते सांगायची हिंमत नव्हती.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. "काय म्हनला वं डॉक्टर? बोलून राह्यली होती तू त्याच्याशी."

"काही नाही, बाबा. पाणी कमी प्या म्हणाला."

"हो ना," ते म्हणाले, "पितोच तं." आणि आम्ही गाडीच्या रांगेत उभे राहिलो.